न-सतरा ही नळी माझी

संपादकांनी सांगितलं, "लॅबमधल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतात." मी बसलो लिहायला. साखर तपासायची तर उपाशीपोटी या, असं सांगितल्यावर सलग दोन दिवस काही न खाता मालगुंडहून एसटीने आलेले आजोबा लिहून झाले. बायकोचं रक्त काढताना बाजूला उभ्या उभ्या कोसळलेले हवालदार लिहून झाले. तीन पानं भरली आणि हात थांबला. मला जे खरंच सांगायचं आहे ते वेगळं आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाच असं झालं की मी कामावर अक्षरशः धावत जायचो. त्याच काळात मी असं एक खोटं बोललो की ते आजही विसरता आलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच काचेच्या नळीत आहेत, आणि ती नळी माझ्याच रक्ताची होती.

मी रत्नागिरीतल्या एका जुन्या धर्मादाय इस्पितळात लॅब तंत्रज्ञ आहे. १९९८ साली इथे लागलो, त्याआधी पाच वर्षं चिपळूणला. काम म्हणजे रक्त काढायचं, ते फिरवायचं, मोजायचं, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि कागदावर आकडे लिहायचे. निदान डॉक्टर करतात. आम्ही फक्त आकडे देतो, म्हणून आमचा सगळा मान त्या आकड्यांत आणि नळीवरच्या नंबरात. माझी शिस्त अशी: आधी नळीवर नंबर, मग सुई. समोरच्या माणसाने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, मी ते म्हणून दाखवायचं, त्याने मान हलवायची. लोक हसायचे. "अहो, मला ओळखता ना तुम्ही?" म्हणायचे. ओळखत असलो तरी नाव सांगा, असं मी म्हणायचो. २००६ सालापर्यंत, तेरा वर्षांत, माझ्या हातून एकाही नळीची अदलाबदल झाली नव्हती. हे मी अभिमानाने लिहितोय. पुढे याच अभिमानाशी मी कसा वागलो, ते सांगायचं आहे.

आमच्या कामातली एक सवय बाहेरच्यांना ठाऊक नसते. सकाळी मशीन सुरू केलं की ते नीट मोजतंय का हे बघायला एक निरोगी रक्त लागतं. त्यासाठी तयार द्रावण मिळतं, पण ते संपलं की येईपर्यंत आठवडा जातो. मग तंत्रज्ञ बाही वर करतो आणि स्वतःचंच रक्त मशीनला देतो. आम्ही त्याला 'घरचं नॉर्मल' म्हणायचो. माझं हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक दोन. त्यापेक्षा फार वेगळं दिसलं तर दोष मशीनचा, माझा नाही, असा हिशेब. अशी कितीतरी वर्षं गेली. आपलं रक्त म्हणजे निरोगीपणाचं माप, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की ते रक्त कधी एका चोवीस वर्षांच्या पोराचंही होतं, हे मी विसरूनच गेलो होतो. निदान तसं स्वतःला सांगत होतो.

२००६ च्या मे महिन्यात गौरी आली. मुंबईला पीएच.डी. करणारी, सत्तावीस वर्षांची, पाठीवर स्वतःहून मोठी सॅक. पहिल्याच दिवशी मला "काका" म्हणाली. मी एकोणचाळीसचा होतो. तिला गांजा ओढणाऱ्यांचं आणि न ओढणाऱ्यांचं रक्त हवं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागतात आणि बोटींवरचे लोक दोन महिने गावात असतात. त्यांच्यातले काही गांजा ओढतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मला तिच्या मदतीला दिलं.

"त्यांच्या रक्तात गांजा सापडतो का ते बघायचंय?" मी विचारलं.

"नाही काका. गांजा गेल्यावर मागे काय राहतं ते बघायचंय."

मग तिने मला जे समजावलं त्यावर मी रात्रंदिवस विचार करायला लागलो. ते मला जमेल तसं सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत एकच पुस्तक असतं, तेच शब्द, तीच पानं. डोळ्याच्या पेशीतही तेच आणि यकृताच्या पेशीतही तेच. मग डोळा डोळ्यासारखा आणि यकृत यकृतासारखं का? कारण प्रत्येक ठिकाणी काही पानं उघडी असतात आणि काही टाचण्या लावून बंद केलेली असतात. टाचणी म्हणजे रसायनाचा एक इवलासा तुकडा, एक कार्बन आणि त्याला तीन हायड्रोजन. तो अक्षराला जाऊन चिकटतो. अक्षर बदलत नाही, पण बरेचदा ते पान वाचलं जाणं कमी होतं किंवा थांबतं. आमच्याकडच्या बागायतदाराला हे सांगायला वेळ लागणार नाही. हापूसच्या एकाच झाडाची एक बाजू यंदा मोहोरते आणि दुसरी नुसती पालवते. झाड एकच, कलम एकच.

"आणि या टाचण्या जन्मभर तशाच?"

"बऱ्याचशा तशाच. पण काही बदलतात. खाण्याने, आजाराने, तंबाखूने बदलतात असं दिसतंय. गांजानेही बदलत असतील, तर ओढणं थांबल्यावर त्या निघतात की राहतात? माझा प्रश्न तिथपर्यंत जायचाय. आधी पहिली पायरी."

त्या जूनमध्ये तिने मला रक्तातून डीएनए काढायला शिकवलं. तांबड्या पेशी फोडून टाकायच्या, पांढऱ्या पेशींचा तळाशी बसलेला चिमूटभर गोळा घ्यायचा, त्यांचं आवरण विरघळवायचं, मिठाने प्रथिनं खाली बसवायची आणि वरच्या स्वच्छ पाण्यात थंडगार अल्कोहोल सोडायचं. मग नळी हळूच उलटी करायची. मी उलटी केली. पाण्यात काहीच नव्हतं, आणि मग होतं. पांढरे, लवलवते तंतू, कोवळ्या शहाळ्याच्या मलईला सुटतात तसे, एकमेकांत गुरफटत वर आले. तेरा वर्षं मी रक्ताचे आकडे मोजत होतो, आणि माणूस ज्यात लिहिलेला आहे ती वस्तू पहिल्यांदा बघत होतो. गौरी म्हणाली, "काका, श्वास घ्या." मी विसरलो होतो.

त्या दिवसापासून मी सात वाजता लॅबमध्ये हजर. बायको, शुभदा, म्हणायची, "लग्नात एवढी घाई नव्हती तुम्हाला."

रक्तदाते मिळवणं मात्र अवघड होतं. गांजा हा गुन्हा, त्यामुळे कुणाला वाटे पोलीस येतील, कुणाला वाटे बायकोला कळेल. आम्ही नावं गुप्त ठेवायची पद्धत बसवली. ओढणाऱ्यांचा 'ग' गट, कधीच न ओढलेल्यांचा 'न' गट, आणि त्यापुढे नंबर. कुठला नंबर कुणाचा, ही यादी माझ्या कुलपात. गौरीलाही नावं ठाऊक नव्हती. फॉर्मवर प्रश्न असायचा, 'गांजा कधी ओढला आहे का?' आणि खाली दोनच खाने: 'सध्या ओढतो' आणि 'कधीही नाही'. पूर्वी ओढून सोडलेले लोक तिला त्या फेरीत नको होते, गुंता वाढतो म्हणून.

एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आला. ओढता का विचारल्यावर म्हणाला, "ओढत नाय. देवाचा घेतो."

"म्हणजे ओढता."

"देवाचा म्हटला ना. तो मोजायचा नाय."

त्याच्यावर गौरीने आणि मी अर्धा तास चर्चा केली. शेवटी 'ग' मध्ये घातला. दुसरा एक रक्त देऊन झाल्यावर चार दिवसांनी परत आला आणि म्हणाला, माझं रक्त परत द्या, बायको विचारते कुठे गेलं.

आणि दिगू आला. दिगू माझा मावसभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात सोन्याचा, पण सकाळी एक चिलीम झाल्याशिवाय पाना उचलत नाही. कामं वेळेवर देत नाही म्हणून दोन मालक तुटलेले, लग्न मोडलेलं. त्याला पहिली चिलीम मी दिली होती. मी दापोलीला शिकायला खोली घेऊन राहायचो, तेव्हा तो सुट्टीत माझ्याकडे आला होता. गावाबाहेरच्या सड्यावर, काळ्या कातळावर बसून मी त्याला झुरका कसा धरायचा ते दाखवलं. मोठ्या भावाने पोहायला शिकवावं तितक्या सहज. मी चार वर्षं ओढली आणि १९९१ च्या शिमग्याआधी सोडली. अभ्यास सुटला होता, आई आजारी होती. मला सोडता आली. त्याला आली नाही. घरात कुणालाही माझं माहीत नव्हतं. त्याचं सगळ्यांना माहीत होतं. लग्न ठरताना सासऱ्यांनी मला विचारलं, "काही व्यसन?" मी म्हणालो, "सुपारीसुद्धा नाही."

जुलैतल्या त्या दिवशी बारा जणांचं रक्त घ्यायचं होतं, सहा आणि सहा. दिगू 'ग' मधला शेवटचा, ग-सतरा. त्याने बाही वर केली, रक्त दिलं आणि नळी दिव्याकडे धरून बघत बसला. "ही आता रेल्वेने मुंबईला जाणार?" त्याला मोठं अप्रूप वाटलं. मी म्हटलं, नळी नाही, तिच्यातला डीएनए. म्हणाला, "म्हणजे माझ्यातला मुख्य माल."

'न' गटातला शेवटचा माणूस, एक कारकून, आलाच नाही. वाट बघून अकरा वाजले. सगळ्या नळ्यांवर एकत्र प्रक्रिया करायची, तर थांबता येईना. गौरी आत मशीन लावून बसली होती. मी सवयीने बाही वर केली. घरचं नॉर्मल. नळीवर 'न-१७' लिहिलं, डाव्या हाताने पट्टा आवळला, सुई घातली. मग फॉर्म ओढला आणि 'कधीही नाही' या खान्यात खूण केली. किती वेळ लागला असेल? चार सेकंद. खाली सही.

दिगू अजून खुर्चीतच होता. त्याने नळीकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं.

"दादा, तू त्या बाजूला?"

"माणूस कमी पडतोय."

"कमी पडतोय म्हणून अंगातलं रक्त देतोस, ते ठीक. पण कधीही नाय?" तो हळू आवाजात हसला. "मग सड्यावर काय, उदबत्ती होती?"

"पंधरा वर्षं झाली, दिगू. रक्तात आता काही नसतं. मला कळतं ना यातलं."

हे मी नुसतं त्याला पटवायला बोललो नव्हतो. माझा त्यावर विश्वास होता. पांढरी पेशी बिचारी काही तास, काही दिवस जगते. काही थोड्या जाती वर्षानुवर्षं टिकतात, पण बाकीचं सगळं सैन्य सतत बदलत असतं. १९९१ चं माझ्या रक्तात काय उरलेलं असणार?

सप्टेंबरात गौरी निकालांचे कागद घेऊन आली. गुरुवार होता. बोटी केव्हाच समुद्रात गेल्या होत्या. तिने टेबलावर कागद पसरले आणि मला बघायला शिकवलं. एक रसायन असं असतं की ज्या अक्षरावर टाचणी नाही ते अक्षर बदलून जातं, टाचणीवालं तसंच राहतं. मग दोन्ही कागदावर पट्ट्यांच्या रूपात वेगळी ओळखता येतात. तिने निवडलेल्या एका जागी 'ग' वाल्यांच्या बहुतेक पट्ट्या एका तऱ्हेच्या दिसत होत्या, 'न' वाल्यांच्या दुसऱ्या तऱ्हेच्या. फार थोडी माणसं, फार थोडा फरक, पण होता. मी कागदावर वाकलो होतो. मला ओरडावंसं वाटत होतं.

"आणि हा बघा एक शहाणा," ती म्हणाली. 'न' च्या रांगेत एक पट्टी सरळ 'ग' सारखी होती. तिने बोट ठेवलं. न-सतरा.

माझ्या छातीत जे झालं त्याला भीती म्हणू की आनंद, अजून ठरलेलं नाही. पहिला क्षण आनंदाचाच होता, हे कबूल करतो. अरे, राहिलंय. पंधरा वर्षांपूर्वीचा धूर कुठेतरी लिहिला गेलाय आणि मी तो वाचतोय. दुसऱ्या क्षणी तो फॉर्म आठवला.

"मी तीनदा करून बघितलं," गौरी म्हणाली. "तीनदा हेच. म्हणजे गडबड माझ्याकडे नाही. काका, त्या दिवशी ग-सतरा आणि न-सतरा यांची अदलाबदल झाली असेल का?"

"ग-सतरा कसा दिसतोय?"

"तोही 'ग' सारखाच. म्हणजे ते नाही. पण दुसऱ्या कुणाशी? नळ्या बाजूबाजूला होत्या ना?"

मी काय म्हणालो ते शब्दशः आठवतं. "घाईचा दिवस होता. झाली असेल."

तेरा वर्षांत न केलेली चूक मी कबूल केली, केलेली लपवायला. ज्या शिस्तीवर माझा मान होता तीच मी पुढे केली, कारण ती गेली तर फक्त गौरीला कळणार होतं. गांजाची गोष्ट बाहेर पडली असती तर घरात कळलं असतं.

गौरीने खुर्चीला पाठ टेकली. मग म्हणाली, एक अदलाबदल झाली असेल तर त्या दिवसाच्या बाराही नळ्यांवर भरवसा नाही. सगळ्या रद्द कराव्या लागतील. ती तिच्या मार्गदर्शकांना सोमवारी तसं पत्र देणार. नवीन दाते आता पुढच्या पावसाळ्यात, आणि तिची मुदत त्याआधी संपत होती. बाराशिवाय उरलेले इतके कमी होते की त्यांच्यावर काही उभंच राहिलं नसतं.

"तुम्ही वाईट नका वाटून घेऊ," ती मला म्हणाली. "माणसाच्या हातून होतं."

शुक्रवारी दुपारी दिगू जेट्टीवर भेटला. हाताला ग्रीस. "काय रे, माझ्या मालाचं काय झालं मुंबईत?" मी त्याला सगळं सांगितलं, का कोण जाणे. बहुधा त्याच्याशिवाय सांगायला कुणी नव्हतं म्हणून. तो पाना पुसत ऐकत राहिला.

"म्हणजे माझंही फेकणार?"

"बाराही."

"तुझं एक वाचवायला?"

मी जेट्टीवरची दोरी पायाने सरकवली.

"दादा, सगळ्या गावाला माहीत आहे दिगू काय आहे ते. मी कधी तोंड लपवलं नाय. एकदा कुठे वाटलं, आपल्या या घाणीचा कुणाला उपयोग होतोय." त्याने पाना पेटीत टाकला. "चिलीम तू दिलीस, ती मी घेतली. त्याचं मी तुला आजवर काय बोललो नाय. पण दिलेलं रक्त फेकायला सांगतोस, हे मात्र जास्त झालं."

घरी आलो. शुभदा शाळेच्या वह्या तपासत होती. उभ्याउभ्या सांगितलं. ती लाल पेन हातात धरून बसली.

"बाबांनी तुम्हाला विचारलं होतं तेव्हा मी दाराआड होते."

"माहीत नव्हतं."

"सुपारीसुद्धा नाही म्हणालात. मला फार आवडलं होतं ते वाक्य." मग तिने विचारलं, "हे असलं आपल्या मुलीतही गेलं असेल?"

"माहीत नाही. अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"मग जी माहीत करून घ्यायला बसलीय तिच्याशीच खोटं बोललात," ती म्हणाली आणि पुढची वही उघडली.

शनिवारी सकाळी गौरी लॅबच्या टेबलावर पत्र लिहीत होती. मी दार लावून घेतलं.

"गौरी, ते पत्र थांबव. न-सतरा मी आहे."

"म्हणजे?"

"ते रक्त माझं. एकही नळी बदललेली नाही. फॉर्म खोटा आहे. मी चार वर्षं गांजा ओढायचो."

तिने पेनाला टोपण लावलं. "परवा मी तुम्हाला स्वच्छ विचारलं होतं."

"हो."

"दोन दिवस मी माझी वही पहिल्या पानापासून तपासतेय. रात्री झोपले नाहीये, काका. मला वाटलं मलाच काम येत नाही."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग तिचा चेहरा बदलत गेला, ते मला दिसलं. राग होताच, पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं.

"शेवटचं कधी?"

"एक्याण्णव साली. शिमग्याआधी."

"त्यानंतर एकदाही?"

"एकदाही नाही."

"तंबाखू?"

"तेव्हा चिलमीत मिसळायचो. त्यानंतर नाही."

ती उभी राहिली. "पांढरी पेशी किती जगते?"

"तुला माहीत आहे."

"तुम्ही सांगा. रक्त तुमचा विषय आहे."

"बहुतेक सगळ्या काही दिवस."

"मग एक्याण्णवची खूण आजच्या पेशीवर आली कुठून?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. गुरुवारपासून होतं. भीतीच्या मागे उभं राहून ते वाट बघत होतं. "मज्जेतून," मी म्हणालो. "हाडातल्या मूळ पेशींवर टाचणी बसली असेल. त्या नवीन पेशी बनवतात तेव्हा पुस्तकाबरोबर टाचण्यांचीही नक्कल करून देतात."

"पंधरा वर्षं."

"पंधरा वर्षं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिने स्वतःलाच आवर घातला आणि बोटं मोजायला लागली. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. ही खूण तुमच्यात जन्मापासूनच असेल. गांजाची नसून तंबाखूची असेल. आणखी कशाची असेल. "पण प्रश्न बरोबर आहे," ती म्हणाली. "मी सोडलेल्यांना बाहेर ठेवलं, तिथेच माझी चूक झाली. बाही वर करा."

"आत्ता?"

"आत्ता. नवीन नळीत न-सतरासारखंच दिसलं तर अदलाबदल झाली नव्हती हे कळेल, बाकीच्या अकरा वाचतील. आणि काका, राग मानू नका, पण तुम्ही ओढायचात या तुमच्या नुसत्या शब्दावर मी आता काही लिहिणार नाही. साक्षीदार आहे कुणी?"

दिगूला बोलावलं. तो तसाच कामावरून आला, लॅबच्या दारात चपला काढून उभा राहिला. गौरीने विचारलं, हे गांजा ओढायचे हे तुम्हाला माहीत आहे? दिगूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"ओढायचा म्हणजे? मला शिकवणारा मास्तर तोच," तो म्हणाला. "पण सोडला तो सोडलाच. ते मात्र खरं. मी कितीदा पुढे केली, हात लावला नाय."

गौरीने माझं रक्त स्वतः काढलं. आधी नळीवर नंबर लिहिला, मला माझं नाव मोठ्याने सांगायला लावलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तीच पट्टी, तशीच. अकरा नळ्या वाचल्या. मला 'न' मधून काढून टाकलं. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, नावांच्या यादीची किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल मला असं वाटलं नव्हतं." यात ओढण्याबद्दल किती आणि फॉर्मबद्दल किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

गौरीने नवा गट काढला, 'प', पूर्वी ओढून सोडलेल्यांचा. असे लोक शोधायचं काम मात्र तिने माझ्याकडेच ठेवलं, कारण कोकणात सभ्य माणसाच्या तोंडून हे काढणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. माझ्याकडे एकच युक्ती होती. समोर बसायचो आणि म्हणायचो, "मी चार वर्षं ओढली." मग चहा यायचा, मग दार लागायचं, मग समोरचा बोलायचा. दाभोळचे एक निवृत्त मास्तर सगळं ऐकून म्हणाले, "माझी सात वर्षं. बेचाळीस वर्षांत हे तुम्हालाच सांगतोय." पुढे 'प' मधल्या काहींच्या खुणा तशाच दिसल्या, काहींच्या निघून गेल्यासारख्या वाटल्या. का, ते आम्हाला सांगता आलं नाही. गौरीच्या प्रबंधात त्यावर एक छोटा परिच्छेद आहे, आणि त्यातली निम्मी वाक्यं 'कदाचित'ने सुरू होतात. मला तो परिच्छेद तोंडपाठ आहे. डोक्याच्या हाडांच्या आत आणि मांडीच्या हाडांच्या आत आपण काय काय सांभाळत फिरतो, या विचाराने अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि हे इथे, आमच्या लॅबमध्ये, पंख्याखाली बसून आम्ही बघितलं.

गौरीला मुदत वाढवून मिळाली, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये 'ग' वाल्यांचं दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं होतं. गौरीने फॉर्म नवा केला होता. पहिल्यांदा कोणाबरोबर ओढला, हा प्रश्न वाढवला होता. नाव लिहायचं नाही, फक्त नातं. आणि अगदी खाली, माझ्या प्रकरणानंतर, आणखी एक ओळ आली होती: फॉर्म भरणाऱ्याचं दात्याशी नातं असल्यास लिहावं.

दिगू आला. कमी केलंय म्हणाला. सोडलं म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. मी एकेक प्रश्न वाचत गेलो, तो उत्तरं देत गेला. वय, किती दिवसांनी, तंबाखू किती. त्या प्रश्नाशी आल्यावर मी थांबलो.

"वाच ना," तो म्हणाला.

"पहिल्यांदा कोणाबरोबर."

"लिही. तुला माहीत आहे."

मी लिहिलं: मावसभाऊ. पान संपत आलं. खालच्या ओळीवर पुन्हा लिहिलं: मावसभाऊ. आणि सही केली. दिगूने फॉर्म माझ्या हातातून घेतला, दोन्ही ओळी सावकाश वाचल्या आणि परत दिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि बाही वर केली. मी नळीवर नंबर घातला आणि त्याला त्याचं नाव विचारलं.